बीजेची कोर

खारघर
२२ जून २०२५

चि. अभिराम,

जाईला भेटायला तू येतोस, हे मला कळलं आहे.

मायन्यात 'अनेक आशीर्वाद' लिहायला हवं होतं. हात थांबला. ते नंतर बघू.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात तिच्या दप्तरात नवी कंपासपेटी दिसली. मैत्रिणीची, म्हणाली. मग एक नवा रेनकोट आला. रेनकोट मैत्रिणीचा नसतो हे तिलाही कळलं असावं, कारण विचारण्याआधीच म्हणाली, "मामाने दिला." कोण मामा? "आपला मामा. खाली बागेत भेटतो. म्हणाला, आईला सांगू नकोस, ती माझ्यावर रागावलीय."

ती पाच वर्षांची असताना तुला शेवटची भेटली. आईच्या तेराव्याला. आता अकरा पूर्ण होतील. तुझा चेहरा तिच्या लक्षात नाही, आणि घरातले तुझे फोटो मी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकले आहेत. तरी तिने तुला मामा म्हणून पटकन मान्य केलं. मुलांना मामा हवाच असतो बहुतेक.

गेटवर सनीला विचारलं. सनी आमचा वॉचमन, गडबड्या पण मनाचा बरा. म्हणाला, "हा ताई, तुमचे भाऊच ना ते? मी बोललो, इंटरकॉम लावतो. तर बोलले, राहू दे, ताईचा राग गेला नाही अजून, पोरीला बघून जातो. एकदम सज्जन माणूस. मला पण कटिंग पाजली."

सहा वर्षांनी यायचं आणि चोरासारखं यायचं, याचा मला संताप आला. डायरीत तसंच लिहिलं आहे. ते अर्धंच खरं आहे. त्या संध्याकाळी कुकर लावताना माझ्या हातून तांदूळ जास्त पडले, आणि लक्षात आल्यावरही मी ते काढून ठेवले नाहीत.

तेव्हा असं कर. यायचं तर वर ये. मी सनीला सांगून ठेवलं आहे की तुला अडवायचं नाही. सोसायटीच्या अ‍ॅपवर 'नेहमीचे पाहुणे' असतात, त्यात तुझं नाव घातलं आहे. म्हणजे दर वेळी मला विचारणा होणार नाही. मी नेरूळच्या कॉलेजात लायब्ररी सांभाळते, सहाशिवाय घरी येत नाही. जाई दुपारी शेजारी मेहरुनभाभींकडे असते, पण तिच्याकडे किल्ली आहे.

तुझा जुना नंबर लागत नाही. सांगलीचा पत्ता कोणाकडून मिळवला ते विचारू नकोस. राखीला, भाऊबीजेला मी या वर्षांत काय केलं तेही विचारू नकोस. माझा नंबर तोच आहे.

सुमेधा


१३ जुलै २०२५

अभि,

पत्र पोचलं. स्पीड पोस्टच्या साइटवर तसं दिसतं: पोचलं, सही घेतली. उत्तर नाही. पण तू येऊन गेलास, त्यालाच मी उत्तर मानते आहे.

स्वयंपाकघराचा नळ कित्येक दिवस ठिबकत होता, तो तू नीट केलास. बाल्कनीतल्या तुळशीची माती उकरून ठेवलीस. जाईला गणितं समजावलीस. चहा केलास आणि कप धुऊन जाळीवर उपडा ठेवलास. आपल्याकडे कप उपडे ठेवत नाहीत, आई सुलटे ठेवायची. तुला वहिनीची सवय लागली असेल. मी तो कप तसाच राहू दिला. त्याच्याकडे बघून मला बरं वाटलं हे इथे लिहून ठेवते, नाहीतर पुढे मी ते नाकारेन.

एक मात्र आवडलं नाही. जाई म्हणते, मामाने सगळ्या खोल्या बघितल्या. माझ्या कपाटाचं दार उघडून थोडा वेळ नुसता उभा राहिला. फोटो शोधत होतास का? मागितले असतेस तर दिले असते.

आणि भेटत का नाहीस मला? मी मुद्दाम लवकर निघून आले एकदा, तर पाच मिनिटांपूर्वी गेलास म्हणाली. तुला माझी यायची वेळ

रात्री पुढे लिहिते आहे.

वरचं वाक्य अर्धं सोडून मी उठले होते, कारण जाई बुटांची लेस घेऊन आली. म्हणाली, मामासारखी गाठ बांध, त्याची सुटत नाही. मी म्हटलं, मामाला करंगळीने कसं जमतं गं? ती म्हणाली, "करंगळीने काय?"

तुझ्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही. टेबलफॅनमध्ये गेलं तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि तुला दवाखान्यात मी उचलून नेलं होतं. हे मला कोणी सांगायला नको.

मी तिला परत विचारलं. हळू विचारलं, घाबरेल म्हणून. ती म्हणाली, "नाही गं. दोन्ही हातांनी बांधतो. सगळी बोटं आहेत त्याला. मी मेंदी काढली ना त्याच्या हातावर, पेनाने. दोन्ही हातांवर."

अभि, तू सांगलीहून निघालाच नाहीस ना?

हे पत्र सकाळी पोस्टात टाकते. दाराला आतून कडी आहे, खुर्ची लावली आहे. त्याला घरात मी घेतलं. नाव घालून, सनीला 'अडवू नकोस' सांगून. तो कोण आहे ते मला माहीत नाही.

सुमेधा


२७ जुलै २०२५

अभि,

तुला मागचंही पत्र पोचलेलं दिसतं. सही घेतली. बरं.

झालं ते क्रमाने लिहिते, मला तसंच सुचतं.

कुलूप बदललं. अ‍ॅपवरून तुझं नाव काढलं. सनी रडकुंडीला आला होता. "ताई, मी तर तुमच्याच सांगण्यावरून..." हो, माझ्याच सांगण्यावरून. मी त्याला तसं म्हटलंही.

इद्रीसभाईंनी कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. ते मेहरुनभाभींचे मिस्टर आणि सोसायटीचे सेक्रेटरी. जन्म बंदरावरच्या नोकरीत गेला, मूळ श्रीवर्धनकडचे. चित्रणात दिसतो तो चाळिशीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, केसांचा भांग. रस्त्यात शेजारून गेला तर तुझ्या-माझ्या लक्षात राहणार नाही. लिफ्टपाशी तो थांबतो, कॅमेऱ्याकडे मान वर करतो आणि हात जोडतो. प्रत्येक वेळी. इद्रीसभाई म्हणाले, "याला माहीत हाय आपण बघणार म्हणून. हा आपल्याला सलाम करतोय, बघ."

पोलीस ठाण्यात गेले. हवालदार वयस्कर होते, उर्मट नव्हते. त्यांनी विचारलं, काही नेलं? नाही. मुलीला हात लावला? बुटाची लेस बांधली. धमकी? नाही. आत कसा आला? मी सांगितलं. ते पेन ठेवून म्हणाले, "ताई, तुम्हीच परवानगी दिली. नळ दुरुस्त करून गेला. मी लिहू काय?" मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या जागी मीही पेन ठेवलं असतं. तरी ते घरी येऊन गेले, खालच्या मजल्यांवर विचारपूस केली.

ते गेल्यावर बायजाबाई भांडी घासता घासता हसायला लागली. आमची कामवाली, कोपरा गावची. "बाय, मामाला पकराला तू मामाच आनलास." पोलिसालाही ती मामाच म्हणते; मलाही हसू आलं. किती दिवसांनी. मग ती म्हणाली, "मी बगला हाय त्याला. लिफ्टमदी माजी पिशवी धरली त्यानी. वंगाल मानूस वाटत नाय तो. त्याचाच भेव हाय."

जाईला सांगितलं की तो मामा नाही. तिने रेनकोट घडी करून खुर्चीवर ठेवला. मग म्हणाली, "पण तो चांगला होता." आणि नंतर, दिवा मालवल्यावर, "मग खरा मामा का नाही येत?"

हा प्रश्न मी तुझ्याकडे पाठवते आहे. माझ्याकडचं उत्तर तिला सांगण्यासारखं नाही.

दिपेशला कळवलेलं नाही. घटस्फोटानंतर जाई माझ्याकडे आहे हे त्याला अजून पचलेलं नाही, त्याला कारणच हवं आहे.

सुमेधा


१० ऑगस्ट २०२५

अभि,

तो काल मला भेटला.

राखीचा दिवस, शनिवार, सकाळ. उत्सव चौकाच्या अलीकडे भाजी घेत होते. गर्दी होती, ऊन होतं, भीती वाटावी असं काहीच नव्हतं. मागून कोणी "ताई" म्हणालं. दिवसभरात मला किती जण ताई म्हणतात. रिक्षावाले, बँकेतली मुलगी, कोथिंबीरवाला. मी वळलेसुद्धा नाही. तर हातातली जड पिशवी हलकी झाली. त्याने ती घेतली होती.

"द्या इकडे. खांदा दुखतो ना तुमचा?"

खांद्याचं जाईने सांगितलं असणार. मी तसं स्वतःला समजावलं. मी म्हटलं, तुम्ही कोण आहात?

त्याला वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाला, "अजून राग आहे? बरं. राहू दे. पण ताई, ओवाळणी राहिली होती हो माझ्याकडे. कंपासपेटी, रेनकोट, हे म्हणजे काही फार नाही. पण मोकळ्या हाताने राहवेना."

कसली ओवाळणी?

आता ते सांगावं लागेल जे मी तुला विचारू नकोस म्हटलं होतं.

आई आजारी होती तेव्हा तू आला नाहीस, आणि तेराव्याला मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटलं, "मला भाऊ नाही." ते मी रागाने बोलले आणि मग पाळत राहिले. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, म्हणून मीही ओवाळू लागले. आमची बाल्कनी पश्चिमेला आहे. समोर निळ्या पट्ट्यांची उंच इमारत आहे, बीजेची कोर तिच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी, थोडा वेळ दिसते आणि बुडते. जाईला आत टीव्हीपुढे बसवून मी तबक घेऊन बाल्कनीत जाते. कोणी बघत असेल असं मला कधी वाटलं नाही.

तो म्हणाला, "गेल्या भाऊबीजेला मी गच्चीवर होतो, ताई. टाकीपाशी. सण होता आणि मला जायला घर नव्हतं. खाली बघितलं तर तुम्ही ओवाळताय. आधी वाटलं दुसऱ्या कोणाला. मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. मग तुम्ही अक्षता टाकल्यात. मी हात जोडले."

मी म्हटलं, मी चंद्राला ओवाळत होते.

तो हसला नाही. अगदी समजुतीने म्हणाला, "त्या दिवशी चंद्र कुठे होता, ताई? ढग होते."

अभि, ढग होते. मला आठवतं. धूर आणि ढग, कोर दिसलीच नाही. मी वाट बघितली, निरांजन विझायला आलं, आणि शेवटी टाकीच्या दिशेने अंदाजाने ओवाळलं. तो खोटं बोलत नव्हता. त्या दिशेला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

तेव्हापासून मी याचाच विचार करते आहे. मी ओरडायला हवं होतं; भाजीवाले होते, लोक धावले असते. पण क्षणभर मला असं वाटलं की चूक माझी आहे, मी या माणसाला काहीतरी दिलं आणि आता नाही म्हणते आहे. तो क्षण गेला. पण तो त्याने माझ्या तोंडावर बघितला, असं मला वाटतं.

त्याने पिशवी परत माझ्या हातात दिली. मनगटावर राखी होती, साधी, लाल दोऱ्याची. कोणी बांधली ते मी विचारलं नाही. म्हणाला, "बीजेला येतो. या वर्षी लांबून नको. समोर बसेन." चार पावलं गेला आणि परत आला. "जाई मोठी होतेय, ताई. मुलीला बोहल्यापर्यंत न्यायचं काम मामाचं असतं. दुसऱ्या कोणाचं नाही. तुम्ही काळजी करू नका. तिला मीच नेणार."

मग तो गर्दीत गेला. तुला समजतंय ना, तो काय म्हणाला?

सुमेधा


५ ऑक्टोबर २०२५

प्रिय अभि, अनेक आशीर्वाद.

या वेळी हात थांबला नाही.

हवालदार निळ्या इमारतीत जाऊन आले. तो वरच्या मजल्यावर एका परदेशी गेलेल्या मालकाचा फ्लॅट सांभाळतो. कागद ठीक, गुन्हा नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. उलट म्हाताऱ्यांची औषधं आणून देतो. त्याने त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की आम्ही भाऊ-बहीण आहोत, आईच्या आजारपणावरून वाद झाला, ताई तेराव्याला बोलू नये ते बोलल्या. हवालदार मला म्हणाले, "ताई, हे घरगुती तर नाही ना?"

तेराव्याचं त्याला कसं कळलं? जाईने सांगितलं असेल. ती तेव्हा दारात उभी होती म्हणते. लहान मुलं काय काय साठवून ठेवतात. पण जाईला मी नीट विचारलं तर ती म्हणते, मी नाही सांगितलं. मी दोन्ही लिहून ठेवते. कोणतं खरं ते मला माहीत नाही.

गणपतीनंतर तो गेटवर आला नाही. फोन मात्र येतात, वेगवेगळ्या नंबरांवरून. उचलला की कोणी बोलत नाही, मागे नळ ठिबकल्यासारखा आवाज असतो. म्हणून मी आता अनोळखी नंबर घेतच नाही.

गेटवर इद्रीसभाईंनी कागद चिकटवला आहे: 'फ्लॅट ७०३, भाऊ किंवा मामा म्हणून येणाऱ्या कोणालाही सोडू नये.' इंटरकॉमसुद्धा करू नका असं मी सांगितलं आहे. इंटरकॉम वाजला की जाई पलंगाखाली जाते. अकरा वर्षांची मुलगी, अभि. तिचे पाय बाहेर राहतात.

भाऊबीज तेवीस तारखेला आहे, गुरुवारी. तो येणार. आला की काय होईल ते मला कळत नाही. ओवाळलं नाही तर काय, याचा विचार मी करून बघते आणि मध्येच सोडून देते. इद्रीसभाई घरी येऊन बसणार आहेत. हवालदार म्हणाले, काही झालं की फोन करा. काही झालं की.

म्हणून मागते. तू ये. त्या दिवशी माझ्या पाटावर माझा भाऊ बसलेला असेल तर त्या माणसाला बसायला जागा उरणार नाही. वेडाचा हिशोब वेडानेच मोडेल असं मला वाटतं, चूकही असेल. आणि जाईला तुझी करंगळी दाखवायची आहे.

तेराव्याला जे बोलले ते मी मागे घेते. सगळ्यांसमोर घेईन. मला भाऊ आहे.

निघालास की आधी फोन कर.

तुझी,
ताई


२५ ऑक्टोबर २०२५

अभि,

कुठे आहेस?

तू वाचशील तर हे सलग वाचता यावं म्हणून क्रमाने लिहिते. मला दुसरं काही येत नाही.

भाऊबीजेला संध्याकाळी इद्रीसभाई, मेहरुनभाभी आणि बायजाबाई माझ्याकडे होते. बाल्कनीचे पडदे ओढले होते. मी पाट मांडला, रांगोळी काढली, तबक केलं. जाईने विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, सवय मोडू नये म्हणून. तुझ्यासाठी होता. तुझं उत्तर आलं नव्हतं तरी होता.

अंधार पडता पडता माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी कापला. परत वाजला. मी फोन पालथा घातला. इद्रीसभाई म्हणाले, "वाजू दे. वाजून वाजून थकेल."

कोणी आलं नाही. चंद्र बुडायची वेळ गेली. मेहरुनभाभींनी श्वास सोडला आणि म्हणाल्या, "जा, तुझा चोर पण दिवाळीच्या सुट्टीवर गेला." आम्ही सगळे हसलो. जाई सगळ्यांत जास्त. ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. मी न वापरलेलं तबक देवापुढे ठेवलं आणि मला इतकी गाढ झोप लागली की त्याची आता लाज वाटते.

काल सकाळी इद्रीसभाई सवयीने कॅमेऱ्याचं चित्रण बघायला खाली गेले. वर आले ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "सुमेधा, तुझ्या भावाचं बोट कुठल्या हाताचं बोललीस?"

चित्रणात तू रिक्षातून उतरलास. केस पिकले तुझे. खांद्याला बॅग, हातात पिशवी, पिशवीतून भडंगाचं पाकीट वर आलेलं. सनी दिवाळीला गावी गेला होता, गेटवर बदलीचा माणूस होता. त्याला तू काहीतरी सांगितलंस, तो मान हलवत राहिला. मग त्याने तुला कागद दाखवला. तू तो वाचलास. चष्मा लावून परत वाचलास. मग डाव्या हाताने फोन कानाला लावलास, आणि तिथे मी चित्र थांबवायला सांगितलं.

तो नंबर तुझा होता. तू दोनदा लावलास. आधी फोन कर, हे मीच तुला लिहिलं. अनोळखी नंबर घेणार नाही, हे मीच ठरवलं. एकाच पत्रात दोन्ही आहेत. सगळं इतकं तपासून लिहिणाऱ्या बाईला ते दिसलं नाही.

तू गेला नाहीस. भिंतीपाशी उभा राहिलास, आमच्या मजल्याकडे बघत. तिथून बाल्कनी दिसते. पडदे ओढलेले दिसले असतील.

मग तो आला. नवा झब्बा. कपाळावर कुंकू, त्याने स्वतःच लावलेलं असणार. गेटकडे येत होता. तुला बघून थांबला. काहीतरी विचारलं. तू कागदाकडे बोट केलंस, ती करंगळी दिसली. त्याने तुझा हात हातात घेतला आणि बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला. त्याला करंगळीचं कोणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मग त्याने तुझ्या हातातली पिशवी घेतली, माझी घेतली होती तशीच. तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू त्याच्याबरोबर गेलास. तुला वाटलं असेल, सोसायटीतला कोणी भला माणूस दुसऱ्या दाराने आत नेतोय. मी पत्रांत त्याचा शर्ट, भांग सगळं लिहिलं होतं. पण असा माणूस लक्षात राहत नाही हेही मीच लिहिलं होतं.

तुझा नंबर बंद आहे. वहिनीशी बोलले, सहा वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "इतके दिवस राग धरून बसले होते, शेवटचं पत्र वाचून विरघळले. ते चारही पत्रं घेऊन निघाले, ताई. म्हणाले, ताईला चकित करतो, मग म्हणाले नको, ती घाबरलेली आहे, गेटवरून फोन करतो." पाच पाठवली होती मी. पाचही पोचल्याचं, सही घेतल्याचं मी साइटवर बघितलं होतं. तिला विचारलं, मग कुठलं एक मिळालं नाही? ती म्हणाली, भाजीबाजाराचं, राखीचं असं काही नव्हतं त्यात. तेराव्याचं मी त्याच पत्रात लिहिलं होतं. त्यावर सही कोणाची आहे ते पोस्टातून काढून घेते आहे.

पोलीस आता मनावर घेत आहेत. निळ्या इमारतीतला फ्लॅट रिकामा आहे, पुसून लख्ख केलेला. जाळीवर दोन कप उपडे होते. हवालदारांनी आज पेन खाली ठेवलं नाही.

आज सकाळी सनी गावाहून परत आला. त्याला काही माहीत नव्हतं. धावत वर आला, दारात उभा राहून हसत म्हणाला, "ताई, मिटलं ना एकदाचं? तो माणूस आत्ता चौकात भेटला, रिक्षात बसत होता. तुमच्यासाठी निरोप दिलाय. बोलला, ताईंना सांग, आता वाद नको, एकच भाऊ राहिला. दादांना नीट पोचवलं."

कुठे पोचवलं ते त्याने विचारलं नाही. त्याच्या हातात भडंगाचं पाकीट होतं, त्याला खायला दिलेलं.

आता मी सगळे नंबर उचलते. दुपारी एकाने नुसतं "ताई" म्हटलं आणि मी "अभि?" म्हणाले; कुरिअरवाला होता. जाई माझ्या शेजारी आहे, हात सोडत नाही. तिने तुला चित्रणात बघितलं. करंगळी बघितली. म्हणाली, "हा खरा," आणि विचारलं, "याला आपण आत का नाही घेतलं?"

हे पत्र सांगलीच्या पत्त्यावर पाठवते आहे. पोचलं एवढं साइटवर दिसेल. त्याने माझं समाधान होणार नाही. सही तूच कर.

तुझी,
ताई